ज्वारीच्या वेळेला गहू

घरघंटी टेम्पोतून उतरली तेव्हा सासूबाईंनी तिला ओवाळलं. मला ओवाळलं होतं त्यापेक्षा दोन फेऱ्या जास्त. झाकणाला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "सावकाश रं बाबा, उंबऱ्याला लागंल."

मी या घरात आले त्या दिवशी माझा अंगठा त्याच उंबऱ्याला चांगला सणकून लागला होता. तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं.

घरघंटी माझ्या वडिलांनी पाठवली होती. लग्नात द्यायची राहून गेली म्हणून गौरी-गणपतीचं निमित्त साधलं. मागोमाग फोन. "वृषाली, आता डबा घेऊन गावभर हिंडायला नको. घरच्या घरी दळायचं आणि आरामात बसायचं."

"बरं पप्पा," म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले.

लग्नाला तीन महिने झाले होते. मी तालुक्याच्या गावी वाढलेली, बोरखिंडीत नवीन. बोरखिंडीत नव्या सुनेला घराबाहेर पडायला तीन कारणं चालत: देऊळ, दवाखाना आणि दळण. देवळात सासूबाई बरोबर असायच्या. दवाखान्यात तर अख्खं घर बरोबर यायचं, कारण सून दवाखान्यात निघाली म्हणजे सगळ्यांच्या मनात एकच. नवरा दूध डेअरीत, पहाटे जाऊन दुपारी येणारा. एकटीनं जायची जागा एकच उरली, मुगुटतात्यांची गिरणी. आणि तिथून मला माझ्याच बापानं उठवलं होतं.

गिरणी म्हणजे पत्र्याची एक खोली. मधे जातं, त्याला लांब पट्टा, भिंतीकडेला डब्यांची रांग आणि समोर बसायला सागाचा एक ओंडका. बसून बसून तो इतका गुळगुळीत झालेला की नवी बाई घसरायची. तात्यांच्या भुवया, पापण्या, कानातले केस, सगळं पांढरं. दसऱ्याला आंघोळ करून आले की बायका म्हणायच्या, कोण पाव्हणा आलाय.

जातं सुरू असलं की आवाज एवढा, की कुजबुज जमायचीच नाही. गुपितंसुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडून सांगावी लागत. गावातली सगळी नाजूक प्रकरणं मी अशी ओरडूनच ऐकली. धोका एकच. लाइट गेली की पट्टा फटकन थांबायचा आणि जिचं वाक्य अर्ध्यात असेल ती गोत्यात. एकदा आमच्या गल्लीतल्या कुसुमकाकू ओरडत होत्या, ऐन मधे लाइट गेली आणि शांततेत त्यांचा आवाज घुमला, "मूळव्याध झाल्यावर कसला आलाय रुबाब!" बाहेर लिंबाखाली काका सरपंचाशेजारी बसले होते. बसले होते म्हणजे उशी घेऊन.

गिरणीचा नियम असा की सकाळी दहापासून साडेअकरापर्यंत ज्वारी, त्यानंतर गहू. मधे धान्य बदलायचं नाही, नाहीतर चपातीला भाकरीचा वास. त्यामुळे ज्वारीच्या वेळेला जी गहू घेऊन जाईल तिला ज्वारी संपेपर्यंत बसून राहावं लागे. चांगला दीड तास.

आणि माझ्या सासूबाईंच्या काही ही वेळ लक्षात राहायची नाही. दहाला बरोबर गव्हाचा डबा माझ्यापुढे. "जा बिगीबिगी, दळून आण." मी एकदासुद्धा त्यांची चूक दाखवली नाही. बाई विसरभोळी आहे, देवाची कृपा, असं म्हणून निघायची.

पहिल्या आठवड्यात मी शेजारी बसलेल्या शमाभाभींना विचारलं होतं. शमाभाभी म्हणजे आमच्या गल्लीतल्या टेलरची बायको. "भाभी, तुमच्या डब्यात पण गहूच?"

"व्हय."

"आत्ता तर ज्वारी चालू आहे."

भाभींनी मला खालून वर न्याहाळलं. मग ओंडक्यावरच्या बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "बायांनो, शिकलेली पोरगी हाय, समजून घ्या!" ओंडक्यावर सहा बायका होत्या. सहाच्या सहा डब्यांत गहू.

घरघंटी आल्यावर हे सगळं संपलं. स्वयंपाकघरात फ्रीजच्या शेजारी ती उभी राहिली. सासूबाई तिच्यावर विणलेला रुमाल घालायच्या. गल्लीतल्या सासवा बघायला आल्या, मग जरा दोन किलो दळून घ्यायला आल्या. कुसुमकाकू तर घरात पाऊल टाकायच्या आधी डबा टाकायच्या. सुनांना कुणी पाठवेना. "वृषालीकडं चालूच हाय की मशीन, तू कशाला तंगड्या तोडतीस?" पंधरा दिवसांत आणखी दोन घरांनी घरघंटी आणली, चौघांनी सांगून ठेवली.

पितृपंधरवडा सुरू झाला त्या दिवशी शमाभाभी ब्लाउजचं माप घ्यायच्या निमित्तानं घरी आल्या. टेप माझ्या गळ्याभोवती आवळून हळू आवाजात म्हणाल्या, "तात्या गिरणी बंद करायला निघालंत. काल तीन डबं आलं. तीन! दसऱ्याला जात्याची पूजा करायची आन् दुसऱ्या दिवशी मोटर सोडवून द्यायची म्हणत्यात. गिऱ्हाईक बघून गेलं."

"मग आपण?"

"आपण काय. तू हितं, मी तितं." त्यांनी टेप सोडला. "हात वर कर. तुझ्या बापाला दुसरं कायी मिळालं न्हाई व्हय द्यायला? मिक्सर द्यायचा, कपाट द्यायचं. कपाटानं कुणाचं वाटोळं केलंय का?"

दसऱ्याला चोवीस दिवस होते. मी मोजले.

त्या दुपारी सासूबाई भजनाला गेल्या, मामा, म्हणजे माझे सासरे, सोप्यात घोरत पडले. मी फळीवरचा मिरच्यांचा डबा काढला. ब्याडगी बाजूला ठेवली, रंगाला बरी पण अंगात दम नाही. लवंगी घेतली. चांगली ओंजळभर, देठांसकट. घरघंटीचं बटण दाबलं आणि तोंडात पदर कोंबून उभी राहिले. शिंका येत होत्या, डोळ्यांतून धारा, आणि तरी मला इतकं बरं वाटत होतं, तसं सासरी आल्यापासून वाटलं नव्हतं. तिखट काढून न्हाणीत ओतलं, वरून मशीन पुसलं आणि रुमाल होता तसा घातला.

संध्याकाळी सासूबाईंनी तिच्यात ज्वारी दळली. ज्वारीनंतर कुसुमकाकूंचे गहू.

मामांनी पहिला घास घेतला, थांबले, मग भाकरी उजेडात धरून बघितली.

"हे काय हाय?"

"ज्वारी," सासूबाई म्हणाल्या.

"कुठली?"

"आपल्याच रानातली."

"आपल्या रानाला एवढा राग कवा आला?"

दुसऱ्या दिवशी ते सकाळी नऊच्या आत चारदा परसात जाऊन आले. चौथ्यांदा येताना घरघंटीसमोर थांबून त्यांनी तिला आईवरून शिवी हासडली. ओवाळलेल्या वस्तूला.

पण खरा दणका कुसुमकाकूंकडे बसला. त्या दिवशी त्यांच्या सासऱ्यांचं श्राद्ध होतं, पुरणपोळ्या केलेल्या. पीठ तांबूस दिसतंय म्हणून काकूंना शंका आली होती, पण नव्या मशीनचं असंच असेल म्हणून मळलं. पत्र्यावर घास ठेवला. कावळा आला आणि अख्खी पोळी खाऊन गेला. कावळ्याला तिखट लागत नाही म्हणतात. आजोबा तृप्त झाले म्हणून सगळे हात जोडून निवांत जेवायला बसले, भाऊबंद धरून वीसेक माणूस. आणि पहिल्या घासाला अख्ख्या पंगतीच्या डोळ्यांना पाणी. नाकं वाहायला लागली, पोरं बोंबलायला लागली. म्हातारा जाऊन बारा वर्षं झाली होती, तो गेला तेव्हासुद्धा त्या घरात एवढं कुणी रडलं नव्हतं.

काकू तणतणत आल्या. "मशीन हाय का मसाल्याचा डंक?"

सासूबाईंनी त्यांना बसवलं, ताक दिलं, कंपनीला नावं ठेवली. मग तांदळाची कणी आणली आणि घरघंटीतून दोनदा फिरवून काढली. तिसऱ्यांदा काढलेलं पीठ जिभेवर ठेवून म्हणाल्या, "झालं नीट." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझी मिरची दोन दिवसांत संपली. मी पोळपाटावर हात आपटून चपात्या लाटल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र घरघंटी गुरगुरली, दोनदा हादरली आणि गप्प झाली. तालुक्याहून मेकॅनिक आला. त्यानं आतली जाळी काढली तर तिच्यावर तपकिरी लगदा, सिमेंटसारखा बसलेला.

"शेंगदाणे कुणी दळले?"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. "मी नाही," मी म्हणाले. खरंच मी नव्हते. मिरचीबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"उंदरं लई झाल्यात," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, उंदीर ओंजळभर शेंगदाणे सोलून मशीनमध्ये टाकतात?"

"आमच्याकडची टाकत्यात."

"तेलाचं काही टाकायचं नाही, पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय."

"आता उंदरांनी वाचलं नसंल, त्याला मी काय करू?"

जाळी गुजरातेतून येणार होती. दिवाळीनंतर. मेकॅनिक गेला. सासूबाईंनी विणलेला रुमाल काढून धुवायला टाकला. मी मनात सासऱ्यांवर संशय घेतला. चार वेळा परसात जाऊन आलेला माणूस काहीही करू शकतो.

दुसऱ्या दिवशी दहाला गव्हाचा डबा माझ्यापुढे आला. "जा बिगीबिगी."

"आत्या, झाकण कुठंय?"

"असंल हितंच कुठं तरी. फडकं बांध आन् नीघ."

मी निघाले नाही, पळाले. अर्ध्या वाटेत चालायचं आठवलं. गिरणीत ओंडका भरलेला होता. पुरणपोळीची बातमी गावभर झाली होती. जिनं तिनं आपल्या पद्धतीनं मीठमसाला लावला होता. घरघंटीचं पीठ आपोआप तिखट होतं, पोटाला बाधतं, पितरांना चालत नाही. सांगून ठेवलेल्या चौघांनी नको म्हणून कळवलं होतं. भिंतीकडेला सतरा डबे. तात्या जात्यावर वाकून गाणं म्हणत होते, म्हणजे तोंड हलत होतं. कुसुमकाकूही आल्या होत्या, पलीकडच्या टोकाला.

शमाभाभींनी मला जागा केली. "काय गं, इतकी का हसतीस?" त्या ओरडल्या.

माझ्याच्यानं राहवेना. सतरा डबे! मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जात्याच्या वरताण ओरडले, "भाभी, कुणाला सांगू नका, घरघंटीत मिरची—"

लाइट गेली.

"—मीच टाकली!"

पट्टा दोनदा फडफडून थांबला. वाक्य मात्र फिरतच राहिलं. लिंबावरचा होला उडालेला ऐकू आला. ओंडक्यावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि मग हळूहळू कुसुमकाकूंकडे.

काकू उठल्या. "तू टाकलीस? माझ्या सासऱ्याच्या श्राद्धाला? वीस माणूस नाक पुसत उठलं गं माझ्या पंगतीतनं! थांब, तुझ्या सासूलाच सांगते."

"सांग की," दारातून आवाज आला.

दारात सासूबाई. हातात डब्याचं झाकण.

एका क्षणात मी मनातल्या मनात बॅग भरली, एसटीत बसले, पप्पांच्या दारात उतरले आणि आईला काय सांगायचं तेही ठरवलं. सासूबाई सावकाश आत आल्या. चप्पल काढली. झाकण माझ्या डब्यावर ठेवून दाबून बसवलं.

"मिरची तिची," त्या काकूंना म्हणाल्या. "शेंगदाणं माजं."

कुणालाच काही कळलं नाही. मला तर नाहीच.

"मिरचीनं काय हुतंय?" आता त्या माझ्याशी बोलत होत्या, पुरण कसं शिजवायचं ते सांगावं तशा. "दोन दळणं गेली की तिखाट उतरतं. शेंगदाणं टाकलं की जाळी बसती. करायचं तर नीट करावं. आन् न्हाणीत तिखाट ओतल्यावर दोन बादल्या पाणी मारावं. माजी टाच अजून चुरचुरतीया."

"आत्या, तुम्ही? तुम्ही तर तिला ओवाळलं!"

"दारात आलेल्याला ओवाळत्यात. ठिवून घ्यायचंच असतं असं कोण म्हणलं?"

पहिल्यांदा शमाभाभी हसल्या. मग ओंडका हलायला लागला. कुसुमकाकू तेवढ्या उभ्या होत्या, कमरेवर हात. "आन् माज्या सासऱ्याचं काय?"

"तुझा सासरा जन्मभर तुला म्हणाला, हिच्या हाताला चव न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "आता न्हाई म्हणायचा."

काकूंचं तोंड एकदा वाकडं झालं, एकदा सरळ झालं आणि मग त्या अशा काही हसायला लागल्या की त्यांना धरून बसवावं लागलं.

मुगुटतात्या इतका वेळ पट्ट्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी पंच्यानं भुवया झटकल्या. "सूनबाई, तू कितव्यांदा गहू आणलास ज्वारीच्या टायमाला?"

मी मान खाली घातली. "चुकून होतं, तात्या. आत्यांच्या लक्षात राहत नाही."

"लक्षात ऱ्हात न्हाई?" तात्या सासूबाईंकडे बघत म्हणाले. "एकतीस वर्षं झाली ह्या बाईला गिरणीत येऊन. एकदा, एकदाबी बरोबर धान्य आणलं न्हाई हिनं. तू यायच्या आदल्या दिवसापतूर. तवापासनं आज आली बघ."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या ओंडक्यावर जागा शोधत होत्या. घसरल्या नाहीत. अलगद बसल्या, त्यांचीच जागा असल्यासारख्या.

"मग तुम्ही यायचं का बंद केलं?" मी विचारलं. आता ओरडायची गरज नव्हती, तरी आवाज मोठाच निघाला.

"दळणाला दोघी कशा येणार? मामा म्हणालं असतं, एका डब्याला दोघी कशाला?" त्यांनी पदर सारखा केला. "नवीन पोर घरात कोंडून कशी घालायची? म्हणलं, जाऊ दे हिला."

"आणि आज मामांना काय सांगून आलात?"

"झाकाण विसरली म्हून सांगितलं. देऊन येते."

झाकण सकाळपासून त्यांच्या पदराखाली होतं.

लाइट आली. जातं धडधडलं. तात्यांनी आमच्या डब्याकडे बघून भुवई उडवली तेव्हा सासूबाई हात हलवून ओरडल्या, "ज्वारी होऊ द्या सगळी! आमाला घाई न्हाई!"

त्या दसऱ्याला मोटर गेली नाही. तिला झेंडूची माळ घातली, मी आणि सासूबाईंनी मिळून. त्यानंतर गिरणी आणखी तीन दसरे चालली. मग तात्यांचे गुडघे गेले, पोरं पुण्यात, आणि घरघंट्या तोवर घरोघरी झाल्या होत्या. ओंजळभर शेंगदाणे कुठं कुठं पुरणार? मोटर टेम्पोत चढली तेव्हा तिला कुणी ओवाळलं नाही. खोलीला आता शटर आहे, आत कुणाची तरी खताची पोती आहेत. ओंडका अजून बाहेर लिंबाखाली आहे, पण त्यावर कुणी बसत नाही. मी एकदा शमाभाभींना म्हटलं, आपण बसू या की. त्या म्हणाल्या, "बसू गं. पण कुणी इचारलं, का बसलाय, तर काय सांगायचं?"

जाळी गुजरातेतून आलेली माळ्यावर पडून होती. रेवा झाली त्या वर्षी बसवून घेतली. माझी लेक आहे रेवा, अडीच वर्षांची. घरघंटी सुरू केली की पाचव्या मिनिटाला झोपते आणि बंद केली की उठते. मला लिहायला वही उघडायची असली की मी ज्वारी दळायला लावते. घरात पीठ फार झालंय.

आजही लावली होती. चार ओळी झाल्या असतील, तोवर सासूबाई गुडघ्यावर हात देत आल्या. काखेत डबा.

"ज्वारी चाललीया?"

"हो. तुमच्यात काय आहे?"

"गहू." त्या माझ्या शेजारी पाटावर बसल्या. झोपलेल्या रेवाचा पाय उचलून मांडीवर घेतला. "होऊ दे सावकाश. मी थांबते."

डबा उघडाच होता. झाकण काल शमाभाभींच्या घरी विसरलंय. ते द्यायला भाभींना यावंच लागणार.